ई२० पेट्रोल: ॲव्हरेज किती गेलं आणि पैसे कुठे गेले?



आज आधी एक चूक कबूल करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळीकडे ई२० पेट्रोलवरून गोंधळ चालू होता, तेव्हा मीही एक व्हिडिओ टाकला होता. त्यात मी तावातावाने बोललो होतो की पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, म्हणजे तुमचं ॲव्हरेज २० टक्क्यांनी गेलं, डिलिव्हरीचे दर वाढवा. व्हिडिओ चालला चांगला, पण हिशोब चुकीचा होता. त्या चुकीच्या हिशोबावर एका ताईंनी खरोखरच दर वाढवायचं ठरवलं आणि मग मला जाग आली. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

त्या ताई डबे देतात. दोन स्कूटर, दोन मुलं, रोज ६० डबे. माझ्याकडे कॉस्टिंगच्या बॅचला होत्या. त्यांचा फोन आला, "सर, पेट्रोल परवडेना. डब्यामागे पाच रुपये वाढवते. तुम्हीच म्हणाला होता ना व्हिडिओत." मी म्हटलं, ताई, दोन दिवस थांबा, वही घेऊन बसू. कारण त्यांचे निम्मे डबे हॉस्टेलच्या पोरांना जातात. पाच रुपये वाढवले की त्यातली दहा पोरं दुसऱ्या मेसला जाणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पहिला मुद्दा, २० टक्के इथेनॉल म्हणजे २० टक्के पाणी नाही. इथेनॉलही जळतं आणि ताकद देतं, फक्त पेट्रोलपेक्षा कमी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे एक तृतीयांश कमी. आता लिटरातला पाचवा हिस्सा एक तृतीयांशाने कमी ताकदीचा झाला, तर एकूण किती कमी झालं? साडेसहा टक्क्यांच्या आसपास. हे शाळेतलं गणित आहे आणि बीबीए करूनही मी ते न करता कॅमेऱ्यासमोर बसलो होतो. असो.

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉलचा जो आराखडा काढला, त्यातले आकडेही याच्याशी जुळतात. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं ई२० वर ६ ते ७ टक्के ॲव्हरेज जाईल. तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के. आणि ई१० साठी बनवून ई२० ला ट्यून केलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्के. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वरचे ६-७ टक्के शुद्ध पेट्रोलच्या तुलनेतले आहेत. आपल्याला शुद्ध पेट्रोल शेवटचं कधी मिळालं? जून २०२२ मध्येच देशाने सरासरी १० टक्के मिश्रण गाठलं होतं. म्हणजे निम्मी घट आपण आधीच सोसून बसलो होतो आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. ई१० वरून ई२० वर येताना नव्याने जे गेलं, ते त्याच्या निम्मंच.

आता ताईंची वही.

एका स्कूटरचं रोजचं फिरणं ६० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० किलोमीटर. स्कूटर जुन्या, २०१७ च्या, कार्बोरेटरवाल्या. चांगल्या दिवसांत ४५ चं ॲव्हरेज. लिटरला १०५ रुपये धरले, तर महिन्याचं पेट्रोल ३,६४० रुपये. इथेनॉलमुळे ४ टक्के गेले असं धरू, म्हणजे ॲव्हरेज ४३.२ आणि खर्च ३,७९२. फरक १५२ रुपये. दोन स्कूटरचे ३०४. महिन्याच्या १,५६० डब्यांवर वाटलं, तर डब्यामागे वीस पैसे.

वीस पैसे! आणि आम्ही निघालो होतो पाच रुपये वाढवायला.

पण ताईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. पेट्रोलवर त्यांचे पैसे खरंच जास्त जात होते. म्हणून आम्ही टाकी फुल टू फुल मोजणी केली. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहून ठेवायचा, टाकी बरीचशी रिकामी होईपर्यंत चालवून त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि किलोमीटर भागिले लिटर. मध्ये गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. "शंभरचं टाकलं, दोन दिवस गेलं" ही मोजणी नव्हे. ॲव्हरेज निघालं ३६. म्हणजे महिन्याला एका स्कूटरचे ४,५५० रुपये, जुन्या हिशोबापेक्षा ९१० जास्त. त्यातले इथेनॉलचे १५२. मग उरलेले साडेसातशे?

एअर फिल्टर काढला तर त्यात माती इतकी, की झाडून वीट पाडता आली असती. मागच्या टायरमध्ये हवा १८ पाउंड. पोरगं हॉस्टेलच्या दारात गाडी चालू ठेवून वर डबे द्यायला जायचं. आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी मीटर चाळीस किलोमीटरने पुढे सरकलेला असायचा, त्याचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. फिल्टर, प्लग, हवा आणि किल्ली घरी ठेवणं, एवढ्यावर ॲव्हरेज ४२ ला आलं. दर वाढवले नाहीत.

याचा अर्थ ई२० ने काहीच होत नाही असा नाही बरं का. काही मंडळी आता दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात सगळी अफवा आहे. तेही खरं नाही. ॲव्हरेजचं नुकसान छोटं आहे, पण इथेनॉलचे दुसरे काही गुण-अवगुण आहेत ते जास्त महत्त्वाचे, आणि धंद्याच्या गाडीला ते वेगळ्या पद्धतीने भोवतात.

आधी चांगलं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे, १०८ च्या आसपास. आपल्या साध्या बीएस-सहा पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, ई२० चा ९५ धरला जातो. ऑक्टेन म्हणजे इंधन दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची ताकद. चढावर माल भरून गाडी खेचताना इंजिनातून जो टकटक आवाज येतो ना, ज्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात, तो याने कमी होतो. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते उष्णता जास्त खेचतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड आणि दाट होते. ई२० साठीच बनवलेल्या इंजिनाला या दोन्हींचा फायदा घेता येतो, पिकअप सुधारतो. जुन्या इंजिनाला मात्र त्या जास्तीच्या ऑक्टेनचं काय करायचं हेच माहीत नसतं, त्याचं कॉम्प्रेशन आणि टायमिंग जुन्या पेट्रोलवर ठरलेलं. आणि धूर. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ज्वलन पूर्ण होतं. नीती आयोगाच्याच आराखड्यात दुचाकीचा कार्बन मोनॉक्साइड ५० टक्क्यांनी आणि चारचाकीचा ३० टक्क्यांनी कमी होतो असं दिलंय. बाजारपेठेत दिवसभर गाड्यांच्या धुरात बसणाऱ्या माझ्यासारख्या दुकानदाराला हा फायदा छोटा वाटत नाही.

आता तोच ऑक्सिजन जुन्या गाडीला कसा त्रास देतो बघा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, वजनाने. ई२० ला साडेतेराच्या आसपास पुरतात. इंजेक्शनवाल्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो, "हवा जास्त होतेय, पेट्रोल वाढव." जमवून घेते गाडी. पण कार्बोरेटरला डोकं नसतं. त्याच्या जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच पेट्रोल येणार. म्हणजे मिश्रण पातळ पडतं, मेकॅनिकच्या भाषेत गाडी "लीन" चालते. सकाळी स्टार्टिंगला त्रास, ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर दम लागल्यासारखं होणं, इंजिन जास्त तापणं ही त्याची लक्षणं. चांगला मेकॅनिक एअर स्क्रू जुळवून देतो, गरज पडली तर एक नंबर मोठा जेट टाकतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आल्यावर दुचाक्या बहुतेक इंजेक्शनवर गेल्या, त्याआधीच्या बहुतेक कार्बोरेटरवर. आणि आपण नवीन धंदा करणारे डिलिव्हरीला कोणती गाडी घेतो? सेकंडहँड, पंचवीस-तीस हजारांतली. म्हणजे नेमकी तीच.

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या गाडीतला पेट्रोलचा पाइप, ओरिंग, गास्केट, फ्लोटच्या सुईचं टोक, हे जुन्या पद्धतीच्या रबराचं असतं. इथेनॉलमध्ये राहून ते आधी फुगतं, मग वाळल्यावर कडक होऊन चिरतं. हे एका दिवसात होत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जो खुलासा केला, त्यातही म्हटलंय की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्तातलं आहे. स्वस्तातलं आहे हे खरंच. पण हे वाक्य धंदेवाल्याने वेगळं वाचायला हवं. घरची गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालते, तिला २० हजाराला तीन-चार वर्षं लागतील. ताईंची स्कूटर महिन्याला दीड हजार चालते. तिचे २० हजार तेरा महिन्यांत होतात. म्हणजे लोकांना जो खर्च चार वर्षांत एकदा, तो तुम्हाला दरवर्षी. मेंटेनन्सच्या रकान्यात तो धरा. आणि पाइप चिरून पेट्रोल गळायला लागलं, तर ते फक्त ॲव्हरेजचं नुकसान नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल, पुढचं मी सांगायला नको.

माझ्या स्वतःच्या दुकानाची एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे, २०१४ ची, कप-पत्रावळींचे बॉक्स पोचवायला. तिचा हिशोब स्कूटरपेक्षा जड. महिन्याला दीड हजार किलोमीटर, १५ चं ॲव्हरेज, म्हणजे १०० लिटर. ६ टक्के गेले तर साडेसहा लिटर जास्त, पावणेसातशे रुपये. दोन मोठ्या ऑर्डरींच्या पॅकिंगची मजुरी झाली की ही. म्हणून ज्यांची पेट्रोलवर चालणारी चारचाकी मालवाहतुकीला आहे, त्यांना मी वीस पैशांचं उदाहरण देत नाही. त्यांनी आपलं स्वतःचं मांडावं. सीएनजी किट बसवायचं की नाही, याचा निर्णय आता पूर्वीपेक्षा वेगळा येऊ शकतो. डिझेलच्या छोट्या हत्तीवाल्यांना या सगळ्याशी देणंघेणं नाही.

आणि आता तो प्रकार, ज्याने मला इथेनॉल खऱ्या अर्थाने शिकवलं.

गावोगावी ट्रेनिंगला जाताना मी एक छोटा पेट्रोल जनरेटर नेतो, प्रोजेक्टरसाठी. उन्हाळ्यात वापरला, मग पाऊस लागला, बॅच बंद, जनरेटर दुकानाच्या मागच्या शेडमध्ये. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. दिवाळीनंतर एका गावात बचत गटाच्या महिलांची बॅच होती. चाळीसेक जणी, कामं टाकून आलेल्या. अकराला लाइट गेली. दोरी ओढतोय, ओढतोय, खांदा गेला, जनरेटर फुर्रसुद्धा करेना. शेवटी फळ्यावर खडूने शिकवलं. बॅच वाईट झाली नाही, पण "मशिनरी कशी सांभाळावी" हा त्या दिवशीचा विषय होता, हे सांगायलाच हवं.

मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दाखवलं. वर पिवळट थर, खाली पांढुरका वेगळा थर. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. हवेतला दमट ओलावासुद्धा ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं आणि इंजिनातून निघून जातं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाला बसतं. ई१० मध्ये ही मर्यादा साधारण अर्धा टक्का पाण्याची, ई२० मध्ये थोडी जास्त. मुद्दा असा की इंजिनाला पेट्रोल टाकीच्या तळातूनच जातं. म्हणजे त्याला पेट्रोल नाही, इथेनॉल-पाण्याचं सरबत मिळतं. तेच कार्बोरेटरच्या वाटीत महिनोन्‌महिने बसलं की पितळेच्या जेटवर हिरवट आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर धरते. माझा कार्बोरेटर उघडला तेव्हा जेटचं भोक दिसतच नव्हतं.

रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास जवळजवळ नसतो, कारण पेट्रोल आठवड्याच्या आत संपतं. त्रास होतो पडून राहणाऱ्या मशिनला. विचार करा, आपल्या छोट्या धंद्यांत अशी किती मशिन आहेत. मंडपवाल्याचा जनरेटर, शेतकऱ्याचा पेट्रोल पंप, फवारणीचा पॉवर स्प्रे, गवत कापायचं ब्रश कटर, मालवण-तारकर्लीकडच्या बोटींची पेट्रोल इंजिनं. अमेरिकेत २००१ नंतरच्या गाड्यांना ई१५ ला परवानगी आहे, पण मोटरसायकल, बोटी आणि असल्या छोट्या इंजिनांना ई१५ घालायला तिथे मनाई आहे. तिथल्या पंपावर तसं लिहिलेलंच असतं. आपल्याकडे बहुतेक पंपांवर निवड नाही. निवड द्या, जुन्या गाड्यांना इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळू द्या, अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. तेव्हा आहे त्यात सांभाळायचं.

मी आता काय करतो ते सांगतो. हंगाम संपला की जनरेटरची टाकी रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये टाकतो. मग पेट्रोलचा कॉक बंद करून मशिन चालू करतो आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो, म्हणजे कार्बोरेटरची वाटीही कोरडी होते. पाच मिनिटांचं काम. गाड्यांच्या टाक्या पावसाळ्यात भरलेल्या ठेवतो, कारण रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त मावते. टाकीच्या झाकणाचं वॉशर कडक झालं असेल तर बदलतो, त्याला फार पैसे पडत नाहीत. जुनी सेकंडहँड गाडी नव्याने घेतली की पेट्रोल फिल्टर आणि पाइप पहिल्याच आठवड्यात नवा, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ आणि गंज सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. माझ्या स्कूटरचं पाइप, फिल्टर, कार्बोरेटर किट आणि मजुरी मिळून बिल हजाराच्या आत आलं. उलट एक दिवस डिलिव्हरी बुडाली, तर ताईंचे ६० डबे म्हणजे त्या दिवसाचा सगळा धंदा. किंमत त्या दोन आकड्यांची तोलायची.

सेकंडहँड घेताना पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा मॅन्युअलमध्ये ई२० लिहिलंय का बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई२० ला टिकणारं मटेरियल आणि एप्रिल २०२५ पासून ई२० ला ट्यून केलेली इंजिनं, असा सरकारी आराखडा आहे. २०१९ ची आणि २०२३ ची गाडी यांच्या भावात चार-पाच हजारांचाच फरक असेल, तर मी दुसरी घेईन. इन्शुरन्सवर परिणाम होत नाही, असं मंत्रालयाने स्पष्ट केलंय. वॉरंटीत असलेल्या गाडीचं मात्र सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी नको. बाकी महागडं "प्रीमियम" पेट्रोल घेतलं की इथेनॉल टळतं, हा गैरसमज आहे. ९५ ऑक्टेनच्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतं.

आता एक प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. "सर, इथेनॉल स्वस्त ना? मग पेट्रोल स्वस्त का नाही?" मी सांगली जिल्ह्यातला, कारखान्यांच्या पट्ट्यातला माणूस. २००१ मध्ये देशात इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग झाले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीला, म्हणजे आमच्या दारातच. साखर पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, त्यातून उसाची बिलं निघतात. हे डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मी इथेनॉलला शिव्या घालणार नाही. पण स्वस्ताचं म्हणाल तर, २०२४-२५ च्या हंगामात सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे आणि मक्यापासूनच्याला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. आणि आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून येतं. कर लागण्याआधीच्या पेट्रोलपेक्षा हे महाग पडतं, असं २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं होतं. ब्राझीलमध्ये ग्राहकाला पंपावर दोन्ही नळ्या असतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर लोक इथेनॉल भरतात, नाहीतर पेट्रोल. तिथे कमी ॲव्हरेजची भरपाई भावातून मिळते. आपल्याला ती मिळत नाही. परकीय चलन वाचतं ते देशाचं, उसाचे पैसे शेतकऱ्याचे, आणि महिन्याचे ३०४ रुपये डबेवाल्या ताईंचे. हा खर्च त्यांनी खर्च म्हणून वहीत लिहायचा, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्यात कुणी पोल्ट्रीवाले असाल तर तुम्हाला हे आधीच कळलं असेल. मका इथेनॉलकडे वळल्यावर खाद्याचा भाव काय झाला, ते मी तुम्हाला काय सांगणार.

त्या जुन्या व्हिडिओखाली मी दुरुस्ती लिहिली आहे, व्हिडिओ काढलेला नाही. टाकी फुल टू फुल मोजणीचा तक्ता या लेखासोबतच्या व्हिडिओत फळ्यावर मांडून दाखवला आहे. त्यात तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि टायरची हवा, असे पाच रकाने आहेत. हवेचा रकाना ताईंनी सुचवला.